साठ इंची टेप

गवार निम्मी मोडून झाली होती. उरलेली परातीत पडून होती, आणि शिरा ओढून ओढून प्रमोदिनीताईंच्या अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं. ब्रॅम्पटनहून आणलेली गवार ती, चार दिवस फ्रिजमध्ये राहून जरा वातड झालेली. पण वसुबारसेला गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी झाली नाही, असं त्यांच्या अडतीस वर्षांच्या कॅनडातल्या संसारात एकदाही घडलं नव्हतं. दुधा-तुपाला आणि गव्हाला आज हात लावायचा नाही. चहासुद्धा कोरा.

खिडकीबाहेर, शेजारच्या शेताच्या वळणावर, गुरं न्यायचा लांबलचक ट्रेलर हळूहळू आत वळताना दिसला तशी त्यांनी परात बाजूला सारली.

"अहो! डग ट्रेलर घेऊन आलाय!"

बेसमेंटमधून चारुदत्तरावांचा आवाज आला, "येऊ दे की. त्याच्या बापाची गुरं आहेत."

"पण आज?"

"अगं, आज काय आहे ते त्याला काय ठाऊक!"

"मग मी जाऊन सांगते," म्हणत ताईंनी नवऱ्याचा पार्का अंगात चढवला, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले आणि देवघरासमोर तयार असलेलं पूजेचं ताट उचललं. हळदकुंकू, अक्षता, मूठभर भिजवलेले मूग, कुंडीतली पिवळी शेवंती. निरांजन दारातच वाऱ्याने विझलं. ते तसंच ताटात ठेवून त्या भराभर निघाल्या.

प्रमोदिनी खांबेटे मूळच्या यवतमाळच्या. बहात्तर साली लग्न होऊन हॅमिल्टनला आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन स्वेटर, एक बाळकृष्ण आणि शिवणाचा डबा होता. चारुदत्तराव पोलाद कारखान्यात इंजिनियर. तीस वर्षं गावातल्या घरात काढली, मुलगी ईशानी वाढवली, तिचं लग्न होऊन ती मार्कहॅमला गेली, आणि रिटायर झाल्यावर चारुदत्तरावांनी शहरापासून पाऊण तासावर दहा एकर जमीन आणि एक जुनं विटांचं घर घेतलं. लोक म्हणाले, म्हातारपणी हे काय खूळ. ताई म्हणाल्या, देवघराला पूर्वेची खिडकी आहे, मला पुरे.

रोज सकाळी विष्णुसहस्रनाम झालं की त्या वही उघडत. वर 'श्री', खाली आदल्या दिवसाची हवा, स्वयंपाक, कुणाचा फोन आला ते. अशा अठ्ठावीस वह्या कपाटात होत्या. त्यात गाई आल्या त्या मात्र याच वर्षी, सप्टेंबरात.

शेजारचा वॉल्टर मकॅलम अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. एकटा राहायचा आणि अठरा गाई पाळायचा. लाल अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. दुधाच्या नव्हेत, मांसासाठीच्या. दूध काढायचं नाही, ते सगळं वासराचं. एप्रिलमध्ये कुरणावर व्यायच्या, उन्हाळाभर वासरं आईमागे हिंडत चरायची. सप्टेंबरात वॉल्टर गवताच्या गोल गठ्ठ्यावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्याची हाक पहिल्यांदा ऐकली ती तुळशीला पाणी घालणाऱ्या ताईंनी. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्याने त्यांचा हात घट्ट धरला. "मिसेस के, माझ्या गाई," एवढंच म्हणाला. ताई म्हणाल्या, "मी बघते."

शब्द दिला होता. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कुरणाला फेरी, पाण्याचं टाकं भरलेलं आहे का, फाटक लागलंय का, हे सगळं वहीत चढू लागलं.

ताई पोचल्या तेव्हा वॉल्टरचा मुलगा डग ट्रेलरची मागची फळी उतरवत होता. डग पंचेचाळिशीचा, ओकव्हिलला ऑफिसात नोकरीला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला गुरं नको होती.

"गुड मॉर्निंग, मिसेस के. वासरं न्यायला आलोय, उद्या लिलाव आहे. गाई पुढच्या आठवड्यात."

"आज नाही."

"काय म्हणालात?"

"आज आमच्याकडे गाय-वासराची पूजा असते. आजच्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत आईपासून लेकरू तुटणार नाही. ट्रेलर परत ने."

डग ताटाकडे बघून हसला. "तुम्ही त्यांची पूजा करता, आम्ही त्यांना खातो. फरक एवढाच."

"खा ना," ताई फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "पण खाणाऱ्याला आधी खायला घालावं लागतं. तुझ्या वडिलांनी पन्नास वर्षं घातलं. तू किती दिवस घातलंस?"

डगचं हसू मावळलं. "विंटरमध्ये कोण घालणार? मी रोज ओकव्हिलहून येऊ? डॅड अजून वॉकरवर आहेत. स्प्रिंगच्या आधी घरी येणार नाहीत."

"मी घालेन."

मागून धापा टाकत आलेले चारुदत्तराव कुंपणापाशी थबकले. "प्रमोदिनी!"

"आणि हे ट्रॅक्टर चालवतील," ताई मागे न बघता म्हणाल्या.

डगने वडिलांना फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं, मग फोन खिशात टाकला. "डॅड म्हणतात, तिच्यावर सोड. ठीक आहे. एक मार्चपर्यंत. त्या दिवशी मी हाच ट्रेलर घेऊन येईन. गाईंच्या फासळ्या दिसल्या, किंवा वासरं वाढलेली नसली, तर सगळा कळप त्याच दिवशी चढवणार. मला हाल बघायचे नाहीत."

"आणि नाही दिसल्या तर?"

"तर कळप राहील. कालवडीपण राहतील. गोऱ्हे मात्र मेमध्ये जातील, दरवर्षी जातात तसे. ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

ताईंनी ताटातलं विझलेलं निरांजन सरळ केलं. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

ट्रेलर रिकामा गेला. पूजा झाली ती लांबूनच, कारण कुरणावरच्या गाई माणसाला हात कुठे लावू देतात. सतराजणींवर लांबून अक्षता टाकल्या. कानात बेचाळीस नंबरचा बिल्ला असलेली एक म्हातारी गाय तेवढी जागची हलली नाही. तिच्या पांढऱ्या कपाळावर कुंकू लागलं, आणि मागे लपलेल्या तिच्या कालवडीच्याही.

चूक झाली ती पुढे. वॉल्टर फोनवर म्हणाला होता, याच आठवड्यात वासरं आयांपासून तोडा, त्यांचं दूध बंद करा. ताई हो हो म्हणाल्या आणि तोडली नाहीत. आधी दिवाळी होती. मग भाऊबीज, त्या दिवशी कसं तोडायचं? मग तुळशीचं लग्न, मग त्रिपुरी पौर्णिमा. दर वेळी एक सण आडवा येत गेला आणि तीन आठवडे निघून गेले. कुरण तपकिरी पडलं. वासरं आईच्या पोटाशी ढुशा देत पीत होती, गुबगुबीत दिसत होती. वहीत नोंद झाली : 'वासरं छान. देवाची कृपा.'

पौर्णिमेनंतर त्या डब्यात खिचडी घेऊन हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात वॉल्टरला भेटायला गेल्या. वॉल्टरने खिचडी खाल्ली, वासरांचं कौतुक ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "वासरांचं राहू द्या. गाईंना हात लावून बघितलात?"

"म्हणजे?"

त्याने हाताची मूठ वळली आणि दुसऱ्या हाताची बोटं गाठींवरून फिरवली. "फासळ्यांवरून हात फिरवला की असं लागलं, तर गाय खंगलीय." मग मूठ उघडून पालथ्या पंजावरून बोटं फिरवली. "असं लागलं, तर विंटर काढेल. बेचाळीस तुम्हाला हात लावू देते ना? ती कशी लागते?"

ताईंनी स्वतःची मूठ वळली. गाठींवरून बोट फिरवलं. रोज सकाळी बेचाळीसच्या कुशीवर हात ठेवत होत्या त्या. "अशी," त्या हळूच म्हणाल्या, मूठ न उघडता.

"तुम्ही त्या वासरांना आईच्या पाठीवरचं मांस खायला घालताय, मिसेस के. कुरणात आता काही उरलेलं नाही. आणि तिच्या पोटात एप्रिलचं वासरू आहे. ते कुणी जेवायला घालायचं?"

त्या दिवशी वहीत दोनच ओळी आल्या. 'चूक माझी. सण गाईचा होता, हौस माझी.'

आता वासरं तोडायला तर हवी होती. वॉल्टरची रीत अशी, की वासरं मागच्या गोठ्यात कोंडायची आणि गाई रस्त्यापलीकडच्या लांबच्या कुरणात न्यायच्या. वासरं तीन दिवस हंबरतात, खात नाहीत, वाळतात, एखादं खोकायला लागतं. चौथ्या दिवशी विसरतात. पन्नास वर्षं असंच चाललं होतं.

ताईंना ते पटेना. कणीक मळता मळता त्यांना ईशानीची शाळा आठवली. अठ्ठ्याहत्तर सालचा सप्टेंबर, किंडरगार्टन. ईशानी आईला सोडेना. तिथल्या बाईंनी सांगितलं, आत येऊ नका, पण पहिला आठवडा मधल्या सुट्टीत जाळीच्या कुंपणाबाहेर उभ्या राहा. ताई उभ्या राहिल्या. ईशानी धावत यायची, जाळीतून बोटं लावायची, आणि परत घसरगुंडीवर जायची. शुक्रवारी ती कुंपणाशी आलीच नाही. ताईंनीच घरी येऊन डोळे पुसले होते.

"अहो, गोठ्यामागच्या कुंपणाला फळ्या ठोकायच्यात," त्या कणकेच्या हातानेच बेसमेंटच्या दारात जाऊन म्हणाल्या. "वासरं अलीकडे, आया पलीकडे. दिसायला हवं, नाकाला नाक लागायला हवं. फक्त प्यायला येता कामा नये."

वॉल्टर फोनवर म्हणाला, "कुंपण पाडतील. पहिल्याच दिवशी."

चारुदत्तरावांनी फोन हातात घेतला. तीस वर्षं कारखान्यात घालवलेला इंजिनियर जागा झाला होता. "वॉल्टर, मी पोलादाच्या भट्ट्या उभ्या केल्यात. गाय थांबवेन."

चार दिवस लागले. जास्तीच्या फळ्या, वर विजेची तार. मग ट्रॅक्टरवर ओट्सची बादली ठेवून गाई-वासरं गोठ्याशी आणली आणि मधलं फाटक लावलं.

हंबरणं झालं. का नाही होणार? पहिला दिवस सगळा कळप कुंपणाला चिकटून होता. बेचाळीस आणि तिची कालवड फळीच्या फटीतून एकमेकींची नाकं चाटत होत्या. पण वासरांच्या बाजूला पानांचं हिरवं, दुसऱ्या कापणीचं मऊ गवत पसरलेलं होतं, आणि हंबरून हंबरून भूक लागत होती. खायची, परत कुंपणाशी यायची, परत खायची. दुसऱ्या दिवशी निम्म्या गाई कुंपणाशीच बसून रवंथ करत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी ताई फेरीला गेल्या तर कुंपण मोकळं होतं. गाई पार पलीकडे, जाड गवताच्या गठ्ठ्याभोवती. एकही वासरू खोकलं नाही.

ताईंनी वॉल्टरला फोनवर सांगितलं. "हं," तो म्हणाला. "कुंपण नाही पाडलं?"

"नाही पाडलं."

"हं."

मग विंटर आला. रोज सकाळी नऊला चारुदत्तराव गोल गठ्ठा ट्रॅक्टरने उचलून नेत आणि ताई त्यावर गुंडाळलेली जाळी कापत. पहिल्या कापणीचं जाड गवत गाईंना, पानांचं मऊ गवत वासरांना, वर ओट्स मोजून, कारण लाडाने जास्त घातले तर पोट फुगतं. एक चूक करून झाली होती, दुसरी करायची नव्हती. पारा उणे वीसच्या खाली गेला की गाईंना गठ्ठ्यावर आणखी अर्धा, कारण खाल्लेलं गवतच आतून शेकोटीसारखं ऊब देतं. वाऱ्याच्या बाजूला आडोसा, खाली कोरडा पेंढा. पाण्याचा बर्फ सकाळ-संध्याकाळ फोडायचा.

"रिटायर झाल्यावर लोक फ्लोरिडाला जातात," चारुदत्तराव मिशीवरचा बर्फ झाडत म्हणाले.

"जा की. जाताना तेवढा गठ्ठा टाकून जा."

वासरं वाढतायत की नाही हे कळणार कसं? डगला डोळ्यांनी पटलं नसतं. मग ताईंनी शिवणाच्या डब्यातली पिवळी टेप काढली, लग्नात आईने दिलेली. गोठ्यात एका वेळी एकच जनावर मावेल अशी लोखंडी फाटकांची गल्ली होती. तिथे त्यातल्या त्यात गरीब पाच वासरं घेऊन, पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर मोजायचा. डिसेंबरच्या एक तारखेला बेचाळीसच्या कालवडीचा घेर सत्तावन्न इंच भरला. वहीत लिहिलं. दर पंधरा दिवसांनी नवी ओळ. ईशानीला कळल्यावर ती फोनवर किंचाळली, "Mom, you're measuring cows with Aji's tape?"

"ब्लाउज तर हल्ली कुणी शिवत नाही," ताई म्हणाल्या.

संक्रांतीच्या आधी मार्कहॅमहून जयंतीचा फोन आला. जयंती तिथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, वीस वर्षांची ओळख.

"ताई, राग मानू नका, पण लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"की तुम्ही कसायाची गुरं पोसता. आणि तुम्ही आमच्या हळदीकुंकवाच्या स्वयंपाकाला... म्हणजे, या वर्षी तुम्ही आराम करा. नैवेद्याचं आम्ही बघू."

ताईंच्या हातात लाटणं होतं. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. "जयंती, तुझ्या घरी दूध कुठून येतं गं?"

"दुकानातून. का?"

"त्या गाईच्या गोऱ्ह्याचं काय होतं, कधी विचारलंस?"

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मीही नव्हतं विचारलं. अडतीस वर्षं. पिशवीतून ओतलं आणि देवाला खीर दाखवली. आता रोज त्यांच्या तोंडाकडे बघून वैरण घालते, तर मी बाटले? भुकेलं जनावर पुढे आलं तर तुझा पुढचा पत्ता काय, असं मी विचारत नाही. लोकांना म्हणावं, एक दिवस गोठ्यात शोव्हल घेऊन शेण उपसायला या, मग बोला."

"ताई, मी नाही हो, लोक..."

"लोकांनाच सांगतेय मी. आणि तिळाचे लाडू पाठवतेय, पन्नास. खायचे तर खा."

त्या वर्षी संक्रांतीला त्या मार्कहॅमला गेल्या नाहीत. उणे चोवीस होतं आणि तीन गठ्ठे उलगडायचे होते. लाडू मात्र पाठवले. डबा आठवड्याने परत आला. धुतलेला, आणि रिकामा.

एक मार्चला सकाळी साडेनऊला ट्रेलर वळणावर दिसला. ताई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या, वही काखेत, टेप गळ्यात शिंप्यासारखी. चारुदत्तरावांनी बेचाळीसला आधीच लोखंडी गल्लीत आणून ठेवलं होतं.

"मूठ वळ," ताई डगला म्हणाल्या.

"काय?"

"मूठ वळ, आणि गाठींवरून बोट फिरव. आता तिच्या फासळ्यांवरून हात फिरव. ग्लोव्ह काढून."

डगने ग्लोव्ह काढला. विंटरची जाड केसाळ कातडी दाबत हात फिरवला, परत फिरवला. मग न सांगताच मूठ उघडून स्वतःच्या पालथ्या पंजावरून बोटं फिरवली. "डॅड मला लहानपणी असंच शिकवायचे," तो म्हणाला. "विसरलोच होतो." मागोमाग गल्लीत घेतलेल्या सहा गाईंना त्याने स्वतःच हात लावून बघितला. एकीच्याही फासळ्या गाठींसारख्या लागल्या नाहीत.

"आणि वासरं?"

चारुदत्तरावांनी बेचाळीसची कालवड आत घेतली. ताईंनी वही उघडून सत्तावन्नची ओळ दाखवली, मग गळ्यातली टेप काढून कालवडीच्या छातीभोवती घातली. साठ इंच संपले. टेपची दोन टोकं भेटेनात, मध्ये चांगलं तीन बोटांचं अंतर उरलं. कालवडीने मान वळवून ताईंच्या पार्काची बाही चाटली.

"टेप संपली," डग म्हणाला.

"टेपच संपली," ताई म्हणाल्या. "पाचांपैकी चार जणांची."

डग काही वेळ दोन टोकांमधल्या त्या लाल केसांकडे बघत राहिला. मग गोठ्याबाहेर जाऊन त्याने ट्रेलरची उतरवलेली फळी परत वर केली आणि खिट्टी घातली. तिथूनच त्याने वडिलांना फोन लावला. "डॅड? हो. नाही, रिकामाच नेतोय. हो, सगळ्या. एप्रिलमध्ये तुम्ही याल तेव्हा व्यायला लागतील." फोन ठेवून तो ताईंपाशी आला. "मिसेस के, मेमध्ये गोऱ्हे न्यायला यावं लागेल. तुम्हाला चालेल?"

"चालेल असं मी म्हणणार नाही," ताई म्हणाल्या. "पण तू येशील तेव्हा मी याच फाटकाशी उभी असेन. पडदे ओढून घरात बसणार नाही. तोवर त्यांना पोटभर मिळेल."

डगने मान हलवली. गाडीत बसताना काच खाली करून म्हणाला, "डॅडनी सांगितलंय, मेपर्यंत मापं घेत राहा म्हणून. त्यांना आकडे हवेत. दर पंधरा दिवसांनी."

ट्रेलर वळणावरून खडखडत गेला, रिकामा. चारुदत्तरावांनी फाटक लावलं. "चला, आता चहा."

"तुम्ही घ्या. गाडीची किल्ली द्या मला."

"कुठे निघालीस?"

ताईंनी पिवळी टेप गुंडाळून खिशात घातली. हॅमिल्टनच्या शिवणसामानाच्या दुकानात, गोधड्या शिवणाऱ्या बायका वापरतात ती एकशेवीस इंची टेप मिळते. ती आणायला त्या निघाल्या.